पुरुषांची आत्मकथने : आरोग्य आणि सामाजिक न्यायाचा दुर्लक्षित पुरावा

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून सुमारे १० किलोमीटर अंतरावर नाचियारकोविल हे गाव आहे. ‘नाचियार’ म्हणजे देवी. गावाचे नाव देवावरून नव्हे, तर देवीवरून पडले आहे. मेधावी ऋषींनी आपली कन्या विष्णूला देताना, संसारात तिचाच शब्द अखेरचा राहील अशी अट घातली आणि वराने ती मान्य केली, अशी येथील स्थलकथा आहे. त्यामुळे गाभाऱ्यात देवी किंचित पुढे उभी आहे आणि मिरवणुकीतही मान तिचाच आहे. याच मंदिरात दगडी गरुडाची मूर्ती असून मार्गळी आणि पंगुनी या तामिळ महिन्यांतील उत्सवांत ती खांद्यावर घेऊन बाहेर काढतात. गाभाऱ्यातून निघताना ४ माणसे तिला उचलतात. पुढे ८, मग १६, ३२, ६४ आणि रस्त्यावर येईपर्यंत १२८ खांदे लागतात, असे सांगितले जाते. मूर्ती तीच असते, पण बाहेर येईल तसे ओझे वाढत जाते, अशी श्रद्धा आहे.

हे खांदे अर्थातच पुरुषांचे असतात. या गावाची दुसरी ओळख असलेला व्यवसायही पुरुषांचाच राहिला आहे. नाचियारकोविलची पितळी समई, म्हणजे ‘कुत्तुविळक्कु’, दक्षिण भारतात प्रसिद्ध असून तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. कावेरीच्या परिसरातील बारीक गाळमातीचे साचे करून त्यांत वितळलेले पितळ ओतणे, घासणे, कातणे आणि भाग जोडून शेवटी वर हंस बसविणे, अशी ही कारागिरी कम्माळर समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या व्यवसायाविषयी धातूचा भाव, मजुरी, दलालाचा वाटा, निर्यात आणि भौगोलिक निर्देशांकाचा लाभ एवढी माहिती सहज मिळू शकते. भट्टीजवळ वीस-तीस वर्षे बसलेल्या माणसाच्या शरीराचे काय झाले, हे मात्र त्याला कोठेही सापडत नाही. पितळ वितळताना जस्ताच्या ऑक्साइडचा धूर निघतो आणि त्यामुळे थंडी वाजून ताप येतो. ओतकामगारांचा हा जुना विकार वैद्यकशास्त्राला चांगला ठाऊक आहे. साच्याच्या मातीची धूळ, उष्णता आणि भाजणे हे धोकेही सर्वश्रुत आहेत. कारागीर मात्र दुसऱ्या दिवशी कामावर असतो. तक्रार करणे हे पुरुषाचे लक्षण नाही, असे त्याला लहानपणापासून शिकविलेले असते.

या न बोललेल्या गोष्टींना सामाजिक शास्त्रांत पुरावा म्हणून स्थान आहे काय, असल्यास तो कसा मिळवावा आणि कसा तपासावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तंजावरवर १८५५ पर्यंत मराठे राजांचे राज्य होते, त्यामुळे मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. परंतु पुरुषांनी स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या पुरुषपणाची कथा सांगावी, या दिशेने जे काम झाले, त्याची सर्वांत स्पष्ट उदाहरणे महाराष्ट्रात आढळतात. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यांवर आधारलेले आहे.

पुरुषत्वाची किंमत

पुरुष असणे ही शरीराची अवस्था आहे. पुरुषासारखे वागणे मात्र समाजाने घालून दिलेल्या नियमांचे पालन आहे. या नियमांच्या समुच्चयाला समाजशास्त्रात पुरुषत्व म्हटले जाते. ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. कॉनेल यांनी १९९५ च्या ‘मॅस्क्युलिनिटीज’ या ग्रंथात, पुरुषत्व एकच नसून अनेक असतात आणि त्यांतील एक वर्चस्ववादी ठरते, हे मांडले. जमीनदाराचे पुरुषत्व आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्या मजुराचे पुरुषत्व सारखे नसते. दोघेही आपापल्या घरात सत्ता गाजवीत असतील, पण घराबाहेर एक मान उंच करून चालतो आणि दुसरा मान खाली घालून. परीक्षार्थींनी हा भेद ध्यानात ठेवावा. ‘पुरुष विरुद्ध स्त्री’ एवढीच मांडणी केली, तर जात आणि वर्ग विश्लेषणातून गळून पडतात.

या नियमांची किंमत आकड्यांत दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ वर्षे व त्यावरील पुरुषांपैकी ३८ टक्के पुरुष तंबाखूचे आणि १८.८ टक्के पुरुष मद्याचे सेवन करीत असल्याचे आढळले. स्त्रियांमध्ये ही प्रमाणे अनुक्रमे ८.९ आणि १.३ टक्के होती. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,१८,९७९ पुरुष होते, म्हणजे दर ४ पैकी जवळपास ३. सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात (२२,२०७) होती आणि त्याखालोखाल तामिळनाडूत (१८,९२५). मृतांपैकी ४२,००४ जण रोजंदारी मजूर होते.

दुसऱ्या बाजूला याच पाचव्या फेरीत, १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा भार तर जवळजवळ पूर्णपणे स्त्रीवर आहे : स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे स्पष्टीकरण वैद्यकशास्त्रात मिळणार नाही, हे उघड होते.

अर्थशास्त्रात एखाद्या व्यवहाराचा खर्च व्यवहार करणाऱ्याऐवजी तिसऱ्यावर पडतो, तेव्हा त्यास बाह्य परिणाम म्हणतात. कारखान्याचा धूर हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. पुरुषत्वाच्या नियमांचाही असाच बाह्य परिणाम असतो. उपचार टाळणारा पुरुष अंथरुणाला खिळतो, तेव्हा त्याची शुश्रूषा पत्नी करते आणि तिचे ते काम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाही. दारूचा खर्च घराच्या किराण्यातून जातो. मात्र धुराच्या उदाहरणात एक गोष्ट नसते, ती येथे असते : कारखाना स्वतः आजारी पडत नाही, पुरुष पडतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ दंड करून सुटणारा नाही.

सर्वेक्षण कोठे थांबते

आकडे हवेतच, परंतु त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. पाचव्या फेरीत ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुषांच्या मुलाखती झाल्या. घरगुती हिंसेचे प्रश्न स्त्रियांना विचारले गेले. पुरुषांना विचारले गेले ते मत : पत्नीला मारणे काही कारणांसाठी योग्य आहे काय? त्यावर ४४ टक्के पुरुषांनी किमान एका कारणासाठी होकार दिला (स्त्रियांमध्ये हे प्रमाण ४५ टक्के होते). ‘आपण स्वतः कधी हात उगारला काय?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

तो प्रश्न विचारला तर काय होते, हे २०१४ च्या एका अभ्यासातून दिसले. संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या निधी आणि स्त्रियांवरील संशोधन करणारे एक आंतरराष्ट्रीय केंद्र यांनी महाराष्ट्रासह ७ राज्यांतील ९,२०५ पुरुषांशी बोलून हा अभ्यास केला. दर ५ पैकी सुमारे ३ पुरुषांनी पत्नीवर किंवा जोडीदारावर कधी ना कधी हिंसा केल्याचे मान्य केले. हिंसा भोगल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मात्र सुमारे ५२ टक्के, म्हणजे कमी निघाले. या अभ्यासातील हिंसेची व्याख्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणापेक्षा व्यापक होती, त्यामुळे त्याच्या २९.३ टक्क्यांशी ही तुलना सरळ करता येत नाही. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. पुरुष कबूल करणार नाहीत, या गृहीतापोटी त्यांना विचारलेच जात नव्हते, आणि ते गृहीत चुकीचे ठरले.

आत्महत्यांच्या नोंदीतही हीच अडचण आहे. २०२१ च्या अहवालात कौटुंबिक समस्या हे कारण ३३.२ टक्के आणि आजारपण १८.६ टक्के प्रकरणांत नोंदले आहे. एका माणसाचे आयुष्य पोलीस ठाण्यात एका रकान्यात बसविले जाते. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत तर शासकीय मदतीची १ लाख रुपयांची रक्कम मिळण्यासाठी शेतजमीन, कर्ज आणि परतफेडीचा तगादा हे निकष तपासले जातात. निकष प्रशासनाच्या दृष्टीने समजण्याजोगे आहेत. पण त्यामुळे मृत शेतकऱ्याची जी कथा कागदावर उतरते ती सातबारा आणि बँकेच्या नोटिशीची कथा असते. मुलीच्या लग्नात कमीपणा येऊ नये म्हणून काढलेले सावकारी कर्ज, भावकीत झालेला अपमान, महिनोन्‌महिने न आलेली झोप यांना त्यात जागा नसते. हे सर्व सांगू शकणारा माणूस गेलेला असतो आणि जिवंत असताना त्याला कोणी विचारलेले नसते.

समाजस्वास्थ्यपासून बलुतंपर्यंत

पुरुषाला विचारण्याचा पहिला मोठा प्रयत्न मराठीत झाला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकातून. गणिताचे हे प्राध्यापक १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालवीत होते. १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. वाचकांची पत्रे आणि त्यांना दिलेली उत्तरे हा मासिकाचा प्राण होता. ज्या शंका घरी, मित्राजवळ किंवा वैद्याजवळ काढता येत नसत, त्या लोक निनावी पत्रांतून विचारीत. वीर्यनाशाने शक्ती जाते काय, आपल्यात काही व्यंग आहे काय, अशा भीतींनी पोखरलेल्या तरुणांना करव्यांनी शास्त्रीय उत्तरे दिली. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली अशी उत्तरेच आक्षेपाचा विषय ठरली. करव्यांची बाजू न्यायालयात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला आणि दंड झाला. सामाजिक न्यायाचा आद्य पुरस्कर्ता एका गणितज्ञाच्या लैंगिक आरोग्याच्या मासिकासाठी उभा राहतो, ही घटना परीक्षेच्या टिपणांत सहसा येत नाही. ती यावयास हवी.

करव्यांच्या पत्रलेखकांना नाव नव्हते. नाव, गाव, जात आणि घरासह पुरुषाची कथा मराठीत आणली ती दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आणि पुढे किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही पुस्तके आली. वाङ्‌मयीन दृष्टीने त्यांची पुष्कळ चर्चा झाली आहे. येथे महत्त्वाचे ते असे की, जातीने चिरडलेला पुरुष घरात कसा वागतो याचे वर्णन याच पुस्तकांनी प्रथम एवढ्या उघडपणे केले. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार हा दया पवार यांना आपली कहाणी सांगतो. एकच माणूस दोन नावांनी समोरासमोर बसतो. त्यात गोदीत काम करणारा, दारूने खचलेला बाप आहे आणि स्वतःच्या पत्नीवर संशय घेऊन संसार मोडणारा निवेदकही आहे. सोसलेला अन्याय आणि केलेला अन्याय एकाच पुस्तकात, एकाच आवाजात येतात. लिंबाळे आणि काळे यांच्या पुस्तकांत प्रश्न बापाच्या नावाचाच आहे. काळे यांनी आपल्या नावात आईचे नाव लावले. शाळेच्या दाखल्यावरचा एक रकाना मुलाला कोणत्या यातना देऊ शकतो, हे कळण्यासाठी कोणताही प्रश्नसंच पुरेसा पडला नसता.

येथे एक गोष्ट ओघाने सांगणे योग्य होईल. उच्चवर्णीय मध्यमवर्गातील पुरुषांनीही आत्मचरित्रे पुष्कळ लिहिली, पण ती बहुधा कार्याची, संस्थांची आणि प्रवासाची आहेत. त्यांच्या घरातील वागणुकीची माहिती मिळते ती पत्नीच्या लेखणीतून. रेव्हरंड टिळकांचा तापट स्वभाव आज कळतो तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. पुरुषाच्या कथनाची शहानिशा कोठे करावी, याचे हे जुनेच उत्तर आहे.

एक जाहिरात आणि एक दिवाळी अंक

१९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी एका इंग्रजी दैनिकात जाहिरात दिली : पत्नी ही मारहाणीसाठी नसते असे मानणारे पुरुष हवे आहेत. दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तरे पाठविली. त्यांतून १९९३ मध्ये मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी हे तिचे संस्थापकांपैकी एक. स्त्रियांवरील हिंसा हा पुरुषांचाही प्रश्न आहे, असे पुरुषांनीच म्हणणे त्या काळी नवे होते. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये कैरो येथील लोकसंख्या व विकास परिषदेने प्रजनन आरोग्यात पुरुषांच्या जबाबदारीचा मुद्दा जागतिक धोरणात आणला.

‘मावा’चे विशेष असे की, तिने मराठी वाचकाच्या सर्वांत परिचयाच्या माध्यमाचा आधार घेतला. १९९६ पासून ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक निघू लागला. पुरुषांनी स्वतःविषयी लिहावे, हे त्याचे सूत्र होते. पुढे २००६ मध्ये पुणे परिसरातील महाविद्यालयीन युवकांसाठी ‘युवा मैत्री’ उपक्रम सुरू झाला. त्यात तरुणांना लैंगिकता, नातेसंबंध आणि हिंसा यांविषयी मोकळेपणाने बोलता येईल असे गट उभे केले गेले. दिवाळी अंकाला मर्यादा आहे. ज्याला लिहिता येते, लिहिण्याची फुरसत आहे आणि आपले अनुभव छापण्यासारखे आहेत असा विश्वास आहे, तोच लिहितो. नाचियारकोविलचा ओतकामगार किंवा बीडचा ऊसतोड मजूर तेथवर पोहोचणार नाही. युवकांचे गट आणि मौखिक कथन हे म्हणूनच पुढचे आवश्यक पाऊल होते.

मौखिक कथनाचे आरोग्यक्षेत्रातील उत्तम उदाहरण पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र होय. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने हे केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले, डॉ. अनिल अवचट यांचा त्यात मोठा वाटा होता. येथे औषधोपचार आहेतच, पण उपचाराचा कणा म्हणजे गटात बसून आपली कहाणी सांगणे. ऐकणाऱ्यांत पूर्वी स्वतः व्यसनी असलेले आणि आता समुपदेशक झालेले पुरुष असतात. त्यामुळे फुशारकी आणि सबबी तेथे फार काळ टिकत नाहीत. ऐकणाऱ्याने त्या सर्व स्वतः वापरलेल्या असतात. मुक्तांगणने व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालविला, हे त्याहून महत्त्वाचे. पती आपली कहाणी सांगतो तेव्हा तिच्या कहाणीला स्वतंत्र जागा असते.

सोसलेले आणि केलेले

पुरुषांच्या कथनांवर स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप गंभीर आहे. पुरुषाच्या दुःखाची कथा सहज सहानुभूती मिळविते आणि त्या सहानुभूतीत त्याने दिलेले दुःख वाहून जाते. ‘बेकारी होती, म्हणून प्यायलो, प्यायलो, म्हणून मारले’ ही साखळी स्पष्टीकरण म्हणून ग्राह्य आहे, समर्थन म्हणून नाही. तशीच परिस्थिती असलेले आणि न मारणारे पुरुषही त्याच वस्तीत असतात. हिशेबाच्या वहीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. एकच बाजू लिहिलेली वही लेखापरीक्षक स्वीकारत नाही. पुरुषाच्या आत्मकथनालाही हीच कसोटी लावावी लागते. त्यात काय सोसले एवढेच आहे, की काय केले तेही आहे? केवळ पहिली बाजू असेल, तर ते कथन त्याच्या मनाला हलके करील, सामाजिक न्यायाच्या दृष्टीने त्याचा उपयोग थोडा. केवळ दुसरी बाजू मागितली, तर तो कबुलीजबाब होतो आणि कोणी पुरुष पुन्हा बोलावयास येत नाही.

या समतोलासाठी काही पद्धती विकसित झाल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेतील ‘सोंके जेंडर जस्टिस’ या २००६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने पुरुषांकडून त्यांच्याच आवाजात लहान चित्रध्वनी-कथा तयार करवून घेतल्या. या पद्धतीत दहा-बारा जण वर्तुळात बसतात. प्रत्येक जण एकच प्रसंग निवडतो; संपूर्ण आयुष्य नव्हे. प्रसंग ठोस असावा लागतो : तो दिवस, ती खोली, तेव्हा उच्चारलेले शब्द. ‘आमच्याकडे असेच असते’ अशा सर्वसाधारण वाक्यांत माणूस लपतो. एका प्रसंगात त्याला लपता येत नाही. इतरांनी प्रश्न विचारायचे, पण निवाडा द्यायचा नाही. त्या प्रसंगात खोलीत आणखी कोण होते आणि तिला किंवा त्याला काय वाटले असेल, हा प्रश्न मात्र चुकवायचा नाही. ब्राझीलच्या ‘प्रोमुंडो’ या संस्थेनेही तरुण पुरुषांच्या गटांसाठी अशाच स्वरूपाचा अभ्यासक्रम तयार केला आणि तो भारतासह अनेक देशांत अनुसरला गेला.

गोपनीयतेचा प्रश्न नाजूक आहे. कथा कथन करणाऱ्याची असते आणि ती कोठे वापरायची हे ठरविण्याचा, तसेच नंतर ती मागे घेण्याचा अधिकार त्याचाच राहतो. तथापि गोपनीयता अमर्याद नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार, अशा अपराधाची माहिती ज्याला मिळते त्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. गट चालविणाऱ्याने हे पहिल्याच बैठकीत, कोणी बोलण्यापूर्वी सांगितले पाहिजे. लहानपणी स्वतःवरच अत्याचार झालेले पुरुष अशा गटांत प्रथमच तोंड उघडतात, असाही अनुभव आहे. हा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही.

कथन धोरणाला काय देते

नसबंदीचेच उदाहरण घ्यावे. १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. उद्दिष्टांचा दबाव आणि सक्ती यांचा बोजा गरिबांवर व दुर्बल समूहांवर अधिक पडला. त्यानंतर पुरुष-नसबंदीचे प्रमाण कोसळले ते आजतागायत सावरलेले नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी बिनटाक्याची पद्धत आली, प्रोत्साहन रक्कम वाढली, पंधरवडे साजरे झाले, प्रमाण ०.३ टक्क्यांवरच राहिले. ज्या पिढीला धरून नेले, तिची भीती पुढच्या पिढीत ‘कमजोरी येते’ या समजुतीच्या रूपाने उतरली, असे मानण्यास जागा आहे. अशी समजूत भित्तिपत्रकाने जात नाही. शस्त्रक्रिया करून घेतलेला आणि दुसऱ्या आठवड्यात नांगर धरणारा गावातीलच पुरुष आपला अनुभव सांगतो, तेव्हा ती हलते. आरोग्य कार्यकर्त्यांना हे ठाऊक आहे. नियोजनात मात्र अशा कथनासाठी तरतूद क्वचित दिसते.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात कायदा पुढे गेला आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीकडे अपराधी म्हणून नव्हे, तर तीव्र ताणाखालील व्यक्ती म्हणून पाहण्याचे तत्त्व मान्य केले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा सुरू झाली. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचाही समावेश आहे. सोयी उभ्या राहत आहेत. त्या वापरण्यासाठी पुरुषाला आधी ‘मला मदत हवी’ असे म्हणता आले पाहिजे, आणि ते वाक्य त्याच्या शिक्षणात कोठेच आलेले नसते.

शेवटी कामाच्या ठिकाणाविषयी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची मर्यादा वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० आणि न वापरणाऱ्या ठिकाणी २० कामगारांची होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती अनुक्रमे २० आणि ४० केली. समई घडविणाऱ्या घरगुती कार्यशाळा दोन्ही मर्यादांच्या खाली येतात. तेथे निरीक्षक जाणार नाही आणि व्यवसायजन्य आजाराची नोंदही होणार नाही. अशा वस्तीत प्राथमिक आरोग्य केंद्राला फुप्फुसांची तपासणी सुरू करावयाची असेल, तर पहिला अडथळा यंत्राचा नसून रांगेत उभे राहण्याच्या संकोचाचा असेल. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी, रोजंदारी बुडणार नाही अशा वेळी, एखाद्या वयस्क कारागिराने भट्टीवरच्या आपल्या पहिल्या तापाची हकिकत सांगावी. दम लागल्याचे किती वर्षे लपविले आणि त्या काळात घर कोणी चालविले, हेही सांगावे. त्याची पत्नी तेथे असल्यास दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिनेच दिलेले बरे.